गिझरच्या थेंबाला बूच मारू नका

(आमच्या ताज्या भागाचा हा लिखित मजकूर. बोलताना आलेली पुनरुक्ती तेवढी कमी केली आहे, बाकी जसं बोललो तसंच ठेवलं आहे.)

घरातल्या यंत्रांबद्दल आपण दर पंधरवड्याला गप्पा मारतो. आज बोलायचंय बाथरूमच्या भिंतीवर टांगलेल्या त्या पांढऱ्या पिंपाबद्दल, म्हणजे आपल्या गिझरबद्दल. विषय तुम्हाला कदाचित कंटाळवाणा वाटेल. पण शेवटपर्यंत ऐका, कारण यात माझी स्वतःची एक चूक आहे. ती मी आजपर्यंत जाहीरपणे कधी सांगितली नव्हती.

चूक सांगण्याआधी माझा धंदा सांगतो, म्हणजे तिचं वजन कळेल. मी बावीस वर्षं कारखान्यांच्या बॉयलर हाऊसमध्ये काम केलंय. वाफ, दाब, सेफ्टी व्हॉल्व्ह यावरच माझं पोट चाललं. कुणी सेफ्टी व्हॉल्व्हला हात लावताना दिसला तर मी त्याला सगळ्यांसमोर झापायचो. आणि घरी, सांगलीत, माझ्याच आईवडिलांच्या गिझरचा सेफ्टी व्हॉल्व्ह बंद केल्याचं मला फोनवर कळलं, तेव्हा मी म्हणालो, "बरं झालं." ते कसं झालं ते सांगतोच. आधी यंत्र समजून घेऊ.

बंब, सोलर आणि गिझर

तुमच्यापैकी अनेकांनी लहानपणी तांब्याचा बंब पाहिला असेल. मधून धुराडं, खाली जाळ, बाजूला तोटी. वरच्या तोंडातून पाणी ओतायचं आणि झाकण नुसतं ठेवायचं. ते काही आवळून बसवलेलं नसायचं. पाणी कितीही उकळलं तरी वाफ वरून निघून जायची. बंबाने हात भाजायचा, धुराने डोळे चुरचुरायचे, पण बंब फुटला असं सहसा ऐकू येत नसे. कारण तो उघडा होता. आतला दाब बाहेरच्या हवेइतकाच.

गच्चीवरचा सोलर पाहा. नेहमीच्या घरगुती सोलरच्या टाकीवर एक पाइप सरळ वर गेलेला असतो आणि त्याचं तोंड मोकळं असतं. तो हवेचा पाइप. पाणी तापून फुगलं, हवा सुटली, वाफ झाली तर ती तिथून जाते. काही लोक "कचरा जातो" म्हणून त्याला टोपण लावतात. असं टोपण तुमच्या गच्चीवर दिसलं तर आजच काढा. जाळी लावा हवी तर, पण टोपण नको.

आता गिझर. आपल्या बहुतेक घरांत असतो तो स्टोरेज गिझर, १०, १५ किंवा २५ लिटरचा. तो पूर्ण बंद असतो. खालून थंड पाण्याचा पाइप आत येतो, गरम पाण्याचा पाइप टाकीच्या वरच्या टोकापासून पाणी घेऊन बाहेर पडतो आणि नळापर्यंत जातो. नळ बंद असेल तर टाकी चारही बाजूंनी बंद. यात गंमत अशी की नळ उघडल्यावर गरम पाणी आपोआप खाली पडत नाही. खालून शिरणारं थंड पाणी त्याला ढकलून बाहेर काढतं. म्हणून तर गच्चीवरची टाकी रिकामी झाली की गिझर भरलेला असूनही गरम पाणी येत नाही.

अशा टाकीला हवेचं तोंड नाही. पाणी तापलं की तिच्यात काय होतं, ते समजलं तर आजचा अर्धा विषय संपला.

पाणी फुगतं, आणि त्याला जागा हवी असते

पाणी तापलं की फुगतं. थोडंसंच फुगतं, पण फुगतंच. २० अंशांचं पाणी ६५ अंशांवर नेलं तर ते जवळजवळ पावणेदोन टक्क्यांनी वाढतं. १५ लिटरच्या गिझरमध्ये हे झालं पाव लिटरच्या थोडं वर, म्हणजे एक मोठा कप. २५ लिटरच्या गिझरमध्ये जवळजवळ अर्धा लिटर.

आता तुम्ही म्हणाल, एक कप पाण्याचं काय एवढं? पण टाकी काठोकाठ भरलेली आहे आणि पाणी हवेसारखं दाबलं जात नाही. या कपभर पाण्याला जायला वाट नसेल तर दाब भराभर चढतो. टाकीचा पत्रा, वेल्डिंगचे सांधे, पाइपचे जोड यांवर तो ताण येतो. तोही एकदा नाही, रोज सकाळ-संध्याकाळ.

म्हणून थंड पाण्याच्या पाइपवर, गिझरच्या अगदी तोंडाशी, एक छोटा पितळी व्हॉल्व्ह असतो. त्याला एका बाजूला बारीक तोंड असतं आणि बहुतेक वेळा एक छोटी दांडी. याला कंपनीवाले मल्टी-फंक्शन व्हॉल्व्ह म्हणतात. आपण साधा सेफ्टी व्हॉल्व्ह म्हणू. तो एकटा बरीच कामं करतो.

पहिलं काम, गरम पाणी उलटं थंड पाण्याच्या पाइपमध्ये जाऊ न देणं. ते गेलं तर तुमच्या फ्लशच्या टाकीत गरम पाणी येईल, आणि थंड पाण्यासाठी घातलेला साधा पीव्हीसी पाइप मऊ पडेल. दुसरं काम, दाब ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला की थोडं पाणी बाहेर सोडणं. आपल्याकडे ही मर्यादा बहुधा ८ बार असते. १० मीटर उंचीच्या पाण्याचा दाब साधारण १ बार धरा, म्हणजे ८ बार म्हणजे ८० मीटर उंचीच्या पाण्याचा दाब. तिसरं काम, गच्चीवरची टाकी रिकामी झाली तर गिझरमधलं पाणी ओढून निघून जाऊ न देणं. ते गेलं तर आतली कॉइल कोरडीच तापेल आणि जळेल. चौथं, दुरुस्तीच्या वेळी टाकी रिकामी करायची सोय.

आता नीट ऐका. पहिलं काम चोख होत असेल, म्हणजे पाणी उलटं जात नसेल, तर ते फुगलेलं कपभर पाणी जाणार कुठे? दुसऱ्या कामाच्या वाटेने. म्हणजेच गिझर तापत असताना त्या बारीक तोंडातून थेंब थेंब पाणी येणं हा बिघाड नव्हे. व्हॉल्व्ह काम करतोय याची ती पावती आहे. पाणी तापून झालं की ते थांबतं. गिझर बंद असतानाही रात्रंदिवस धार लागत असेल तर मात्र व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकला असेल, नाहीतर इमारतीचा दाब जास्त असेल. तेव्हा व्हॉल्व्ह बदलायचा किंवा दाब कमी करणारा व्हॉल्व्ह बसवायचा. बूच मारणं हा यातला कुठलाच उपाय नाही.

सांगलीची गोष्ट

आमच्या बाबांना मात्र तो थेंब सहन होत नव्हता. बाथरूमची फरशी सतत ओली आणि त्यांचं गुडघ्याचं दुखणं. घसरायची भीती खरीच होती, त्यात त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. ते फोनवर म्हणाले, "अरे, ते ठिबकतंय रे सारखं. प्लंबरला बोलावलंय."

संध्याकाळी परत फोन. "झालं काम. तो म्हणाला, काका, बूच मारून टाकतो. दोन मिनिटांत केलं. आता एक थेंब नाही."

मी तेव्हा कामावर होतो. समोर बॉयलरचं वार्षिक निरीक्षण चाललं होतं, डोक्यात शंभर गोष्टी. मी म्हणालो, "बरं झालं बाबा." आणि फोन ठेवला. कशाला बूच मारलं, कुठे मारलं, एक प्रश्न विचारला नाही.

दुसरी गोष्ट मला माहीतच नव्हती. त्याआधीच्या हिवाळ्यात गिझर मध्येच बंद पडायचा. दुरुस्तीवाला आला आणि त्याने आतलं कटआउट 'डायरेक्ट' करून दिलं. हा शब्द तुम्ही ऐकला असेल. डायरेक्ट करणं म्हणजे सुरक्षेसाठी मध्ये ठेवलेला भाग काढून दोन वायरी सरळ जोडून टाकणं. गिझर पुन्हा मस्त चालू झाला. आईने त्याला चहा दिला.

दोन्ही माणसांनी आपापल्या परीने मदतच केली होती. तक्रार होती, ती मिटवली. पण त्या दोन दुरुस्त्या मिळून गिझरला काहीच संरक्षण उरलं नव्हतं, एक थर्मोस्टॅट सोडला तर.

बूच मारल्यावर महिन्याभरात मिक्सरचा गरम पाण्याचा नळ गळायला लागला. वॉशर गेला असेल म्हणून दोनदा वॉशर बदलला. तरी गळतोच. आता मला कळतं का ते. फुगलेल्या पाण्याला एका वाटेने जाऊ दिलं नाही, तेव्हा त्याने दुसरी शोधली. तिसऱ्यांदा बाबांनी कंटाळून तो नळ तसाच सोडून दिला. आणि त्या गळक्या नळामुळेच आम्ही वाचलो, असं मला वाटतं.

जानेवारीतली सकाळ. आईने सहा वाजता गिझर लावला. बाबा फिरायला गेले होते. आल्यावर आंघोळ करणार, पण वाटेत मित्र भेटले आणि यायला सव्वासात झाले. तेवढ्यात थर्मोस्टॅटचे पॉइंट चिकटले. म्हणजे पाणी हवं तेवढं तापल्यावर जो वीज तोडतो, तोच अडकून बसला. कटआउट डायरेक्ट होतंच.

आईला बाथरूममधून आवाज आला. तिने मला फोन लावला, "अरे, नळातून कुकरसारखा आवाज येतोय. थेंबाऐवजी वाफ येतीय." मी झोपेत होतो, पण 'कुकरसारखा' हा शब्द ऐकला आणि उठून बसलो. तोपर्यंत तिने नळ घट्ट करायला हात घातला होता आणि मनगटावर भाजलं होतं. मागून बाबांचा आवाज, "थांब, मी नळ पूर्ण उघडतो, वाफ निघून जाईल."

मी ओरडलो. वडिलांवर आयुष्यात पहिल्यांदा ओरडलो. "बाबा, नळाला हात लावू नका! मेन बोर्डवरचं बटण पाडा आणि दोघं बाहेर या. बाथरूमचं दार ओढून घ्या."

त्यांनी ऐकलं. दुपारपर्यंत कुणीही आत गेलं नाही. आईचा हात वाहत्या नळाखाली वीस मिनिटं धरायला लावला. टूथपेस्ट लावू दिली नाही. चट्टा राहिला, पण तेवढ्यावर निभावलं. संध्याकाळी मी पोचलो तेव्हा गिझरचं बाहेरचं आवरण एका बाजूला फुगलेलं होतं. उघडून पाहिल्यावर आतल्या टाकीच्या जोडाला चीर गेलेली दिसली.

नळ उघडू नका, असं का म्हणालो

हे गणित मी नंतर कागदावर मांडलं. तुम्हीही मांडू शकता. गिझरची कॉइल २ किलोवॉटची. १५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर न्यायला तिला साधारण २१ मिनिटं लागतात. थर्मोस्टॅटने वीज तोडली नाही तर पुढच्या २१ मिनिटांत १०० अंश. आणि पूर्ण तासभर चालू राहिली तर, बाहेर जाणारी थोडी उष्णता सोडून दिली, तर १३० अंशांच्या पुढे.

पाणी १०० अंशांच्या पुढे जातं कसं? दाबाखाली जातं. कुकरमध्ये हेच होतं, म्हणून डाळ लवकर शिजते. कुकरमध्ये पाणी साधारण १२० अंशांवर असतं. पण कुकरला शिट्टी असते आणि शिवाय एक सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. शिट्टीतून थुंकी उडते म्हणून तिच्यात कुणी बूच मारेल का? कुकरच्या बाबतीत ज्याला हे कळतं, तोच माणूस गिझरला बूच मारतो. कारण कुकर डोळ्यांसमोर असतो आणि गिझर डोक्याच्या वर.

आता १४० अंशांच्या आसपासचं पाणी दाबाखाली आहे आणि तो दाब एकदम सुटला, नळ उघडून किंवा टाकी फाटून. मग ते पाणी त्या क्षणी तसं राहूच शकत नाही. त्यातला काही भाग लगेच वाफ होतो. १५ लिटरमधलं एक लिटरच्या आसपास. फार वाटत नाही ना? पण एक लिटर पाण्याची मोकळ्या हवेत जवळजवळ १६०० ते १७०० लिटर वाफ होते. एवढी वाफ, चार बाय सहाच्या बाथरूममध्ये, एका झटक्यात. म्हणून म्हणालो, हात लावू नका, वीज तोडा आणि बाहेर या. वीज तुटली की ते पाणी हळूहळू निवतं आणि दाब आपोआप उतरतो. त्याला कित्येक तास लागतात. तेवढे तास द्यायचे.

एकावर एक चार आडकाठ्या

आता व्यवस्थित, कामात लावल्यासारखं पाहू. चांगल्या गिझरमध्ये धोका आणि आपण यांच्या मध्ये चार आडकाठ्या असतात.

पहिली थर्मोस्टॅट. रोजचं काम याचं. ठरलेल्या तापमानाला वीज तोडतो, पाणी निवलं की पुन्हा जोडतो. वर्षात हजारो वेळा हे करतो, म्हणून कधीतरी याचे पॉइंट चिकटणारच. याला सुरक्षेचं साधन मानूच नका, हा रोजचा नोकर आहे.

दुसरी कटआउट. थर्मोस्टॅटने काम केलं नाही आणि पाणी उकळायच्या जवळ जायला लागलं की हा वीज तोडतो. आणि बहुतेक गिझरमध्ये हा आपला आपण परत जोडला जात नाही, बटण हाताने दाबावं लागतं. ते मुद्दाम तसं केलंय. कटआउट उडला म्हणजे काहीतरी बिघडलंय, कुणीतरी येऊन पाहा, असं तो सांगतोय. तो वारंवार उडत असेल तर बहुधा थर्मोस्टॅट तरी गेलाय नाहीतर कॉइलवर क्षारांचा थर बसलाय. दोष त्यांच्यात शोधायचा. कटआउट डायरेक्ट करणं म्हणजे धुराचा वास येतोय म्हणून नाक बंद करणं.

तिसरी फ्युजिबल प्लग. हा सगळ्या गिझरमध्ये नसतो. कमी तापमानाला वितळणाऱ्या मिश्रधातूचा छोटा तुकडा. वरचे दोन्ही हरले की हा वितळतो आणि पाणी-वाफ बाहेर जाऊ देतो. एकदाच कामाला येतो, मग बदलावा लागतो.

चौथी तो सेफ्टी व्हॉल्व्ह. आणि इथे एक बारीक गोष्ट आहे जी खूप जणांना ठाऊक नसते. आपल्याकडचा साधा व्हॉल्व्ह फक्त दाब पाहतो, त्याला तापमान कळत नाही. शिवाय तो थंड पाण्याच्या बाजूला बसवलेला असतो. वाफेचा दाब ८ बारला पोचायला पाणी १७५ अंशांपर्यंत जावं लागतं. म्हणजे आतलं पाणी १४० अंशांना गेलं तरी तो बिचारा फुगलेल्या पाण्याचे थेंब सोडत बसेल, आणि तुम्हाला बाहेरून काहीच कळणार नाही. म्हणून "व्हॉल्व्ह आहे ना, मग कटआउट कशाला" हा हिशोब चुकीचा आहे. दाबाची राखण एकाची, तापमानाची दुसऱ्याची. दोघंही हवेत.

बॉयलरच्या कायद्यातही हे दिसतं. आपल्याकडे १९२३ सालापासून बॉयलरचा कायदा होता, २०२५ मध्ये त्याच्या जागी नवा आला. महाराष्ट्रात बाष्पके संचालनालय हे काम पाहतं. निरीक्षक येतो, तपासतो, प्रमाणपत्र देतो. पण ज्यात पाणी १०० अंशांच्या आतच तापतं, किंवा जे २५ लिटरपेक्षा लहान आहे, ते या व्याख्येत येत नाही. बरोबरच आहे, घरोघरी निरीक्षक कुठून येणार? पण याचा अर्थ असा की थर्मोस्टॅट आणि कटआउट शाबूत आहेत तोवर तुमचा गिझर हा गिझर आहे. ते दोन्ही गेले की तो बिननिरीक्षकाचा बॉयलर. कारखान्यात मी ज्याला रोज नमस्कार करून कामाला लागायचो, तेच माझ्या आईच्या डोक्यावर टांगलेलं होतं.

इंग्लंडमधून आलेला प्रश्न

लंडनजवळ राहणाऱ्या एका श्रोत्यांनी मागे विचारलं होतं, "आमच्या घरात कपाटात दोनशे लिटरचं बंद सिलिंडर आहे, त्याची भीती वाटावी का?" त्यांना लिहिलेलं उत्तर थोडक्यात इथेही सांगतो, कारण त्यातून आपल्यालाही शिकायला मिळतं.

तिकडे जुन्या घरांत माळ्यावर थंड पाण्याची टाकी आणि खाली उघड्या पाइपचं सिलिंडर असायचं, आपल्या सोलरसारखं. बंद पद्धतीला तिथल्या बांधकाम नियमांनी १९८०च्या दशकाच्या मध्यावर वाट करून दिली, पण कडक अटींवर. थर्मोस्टॅट वेगळा, आणि त्याशिवाय किमान दोन स्वतंत्र सुरक्षा साधनं. एक आपोआप न जुळणारं कटआउट, आणि एक तापमान ओळखणारा व्हॉल्व्ह, जो ९० ते ९५ अंशांच्या दरम्यान उघडतो. फुगलेलं पाणी सामावायला वेगळी छोटी टाकी किंवा सिलिंडरच्या आतच हवेची जागा. आणि बसवणारा माणूस त्या कामाचं प्रशिक्षण घेतलेला.

मला सगळ्यात आवडलं ते दुसरंच. व्हॉल्व्हमधून येणारं पाणी सरळ पाइपात लपवायचं नाही. मध्ये एक उघडं नाळकं ठेवायचं, म्हणजे पाणी पडतंय का ते घरातल्या माणसाला दिसेल. थेंब दिसला पाहिजे, हा तिथे नियम आहे. आपण तो दिसू नये म्हणून धडपडतो. त्या श्रोत्यांना एवढंच सांगितलं की दरवर्षी तपासणी चुकवू नका, आणि त्या नाळक्यात पाणी दिसलं तर लगेच फोन करा.

आज घरी काय पाहाल

आता कामाचं. स्टूलवर चढून आज संध्याकाळीच पाहा.

गिझरखालच्या थंड पाण्याच्या पाइपवर व्हॉल्व्ह आहे का? त्याचं बारीक तोंड मोकळं आहे का? तिथे स्क्रू, टेप, एम-सील, टोपण काहीही असेल तर ते काढून घ्या, पण गिझर बंद आणि पूर्ण निवलेला असताना. आणि तो व्हॉल्व्ह नवीनच बसवा, कारण बूच मारलेल्या व्हॉल्व्हवर भरवसा ठेवता येत नाही. तो बूच किती दिवसांपासून आहे ठाऊक नसेल तर गिझर वापरायचं थांबवा आणि टाकी तपासून घ्या.

व्हॉल्व्ह आणि गिझर यांच्या मध्ये कुठलाही चालू-बंद कॉक नको. मेंटेनन्ससाठी कॉक हवा असेल तर तो व्हॉल्व्हच्या अलीकडे, पाणी येतं त्या बाजूला.

थेंबाने फरशी ओली होते का? बाबांची तक्रार खरी होती म्हटलं ना. मग त्या बारीक तोंडाला एक छोटी नळी जोडा, तिला उतार द्या आणि खाली मोरीच्या जाळीजवळ सोडा. नळीचं टोक उघडं आणि दिसेल असं. तिला कॉक नाही, गाठ नाही, बादलीत बुडवणं नाही. दीडशे-दोनशे रुपयांचं काम. आम्ही हे आधी केलं असतं तर आजची गोष्टच नव्हती.

व्हॉल्व्हला दांडी असेल तर दोन-तीन महिन्यांतून एकदा, पाणी गार असताना, ती क्षणभर उचला. पाणी आलं पाहिजे आणि दांडी सोडल्यावर थांबलं पाहिजे. आमच्या सांगलीकडे किंवा मराठवाड्यात बोअरचं पाणी इतकं जड की व्हॉल्व्ह क्षारांनी जाम होतो.

त्याच जड पाण्यासाठी वर्षातून एकदा, हिवाळ्याच्या आधी, गिझर उघडून साफ करून घ्या. आत मॅग्नेशियमचा रॉड असतो. गंज टाकीऐवजी त्याला खातो, म्हणून तो झिजतो. झिजला असेल तर बदला, नाहीतर गंज टाकी खायला घेतो. मेकॅनिक असेल तेव्हा त्याला सरळ विचारा, "थर्मोस्टॅट आणि कटआउट दोन्ही जागेवर आहेत ना? काही डायरेक्ट केलेलं नाही ना?" आणि स्वतः पाहा.

उंच इमारतीत खालच्या मजल्यावर राहत असाल किंवा प्रेशर पंप असेल तर गिझरवरच्या पट्टीवर लिहिलेला दाब पाहा. वीस मजल्यांच्या इमारतीत तळाला नुसत्या उंचीचाच ६ बार दाब होऊ शकतो, मध्ये दाब कमी करणारा व्हॉल्व्ह नसेल तर.

विजेचं एका वाक्यात. १६ अँपिअरचाच सॉकेट, अर्थिंग खरोखर असलेलं, आणि बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. नवा घेताना आयएसआयची खूण पाहूनच घ्या, गिझरला ती सक्तीची आहे.

आणि तापमान. घरात लहान मूल किंवा वयस्कर माणूस असेल तर लक्षात ठेवा, ६० अंशांचं पाणी चार-पाच सेकंदांत कातडी गंभीर भाजू शकतं. ५० अंशांना तेच व्हायला काही मिनिटं लागतात. बादलीत आधी गार पाणी, मग गरम. आपल्या आज्यांची शिस्त होती ती, घंगाळात आधी विसणाला गार पाणी हवंच.

शेवटी, धोक्याची लक्षणं. नळातून वाफ, थुंकल्यासारखं पाणी, गिझरमध्ये खळखळ किंवा कुकरसारखा आवाज, थंड पाण्याचा पाइप गरम लागणं, आवरण फुगणं. यातलं काहीही दिसलं तर मेन बोर्डावरून वीज तोडा, कुठलाही नळ उघडू नका, व्हॉल्व्हला हात लावू नका, बाहेर या आणि निवू द्या.

बाबा आता ऐंशीच्या पुढे आहेत. नवा गिझर लागलाय, त्याच्या व्हॉल्व्हला पारदर्शक नळी आहे. रोज सकाळी ते आंघोळीआधी खुर्चीवर बसून त्या नळीकडे बघतात. परवा फोनवर म्हणाले, "पडतोय बघ थेंब." मी विचारलं, "किती?" ते म्हणाले, "मोजले नाहीत, पण पडतोय." या वेळी मी दोन प्रश्न जास्त विचारले आणि मगच फोन ठेवला.

तुमच्याकडेही आईवडील वेगळ्या गावी राहत असतील तर आज त्यांना फोन करा. गिझरखाली काय दिसतंय ते विचारा आणि फोटो पाठवायला सांगा. पुढच्या भागात गॅस गिझर आणि बंद बाथरूममधला कार्बन मोनॉक्साइड, कारण त्याबद्दल तुमचे बरेच प्रश्न आलेत. तोपर्यंत नमस्कार.